दिघ्यातली अकरा घरं

दिघा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. ऋता,

तुला आणि आशुतोषरावांना आशीर्वाद. चार दिवस फोन करते आहे, तू उचलत नाहीस. मेसेज कसा टाकायचा ते आमच्या मनालीनं शिकवलंय, पण दोन ओळींच्या पुढं माझी बोटं चालत नाहीत. कागदावर बरं पडतं.

मंगळवारचं लिहायला बसले. तू आमच्या गल्लीत येणार हे कुणी सांगितलं नव्हतं. मी उंबऱ्यात गोणी ओतून रबरी रिंगांच्या कडा कापत बसले होते. पुढं तू, मागं तुझ्या कंपनीचे दोघं आणि ते दोन परदेशी पाहुणे. मी उठणार, तेवढ्यात तू म्हणालीस, "आपलं नाव काय, ताई?"

मी म्हटलं, "सुनयना नामदेव शेडगे."

"हे काम किती वर्षं करता?"

"सहा."

तू लिहून घेतलंस. माझ्या हातांचा फोटो काढलास आणि पुढच्या दारात गेलीस.

ऋता, मी मनात काही धरलेलं नाही. तुझी आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी, आपण दोघी कोरेगावला एका ताटात जेवलो, हे साहेब लोकांपुढं कशाला सांगायचं? तुझ्यावरच काही आलं असतं. म्हणून मीही ओळख दिली नाही. मनाली "मावशी" म्हणत पुढं येणार होती, तिला मी डोळ्यानंच आत पाठवलं. तुम्ही गेल्यावर बायका विचारत होत्या, कोण गं ती मॅडम. मी म्हटलं, मला काय ठाऊक. शेजारच्या सरस्वतीकाकूंनी तुला दिवाळीत पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझी बहीण ना ही?" मी म्हटलं, तिच्यासारखी दिसते खरी.

मी बरोबर केलं ना? एवढंच कळव. आई गावाहून तुझी चौकशी करते.

तुझी,
सुनयनाताई

---

सीवूड्स
१ डिसेंबर २०२४

प्रिय सुनयनाताई,

नमस्कार. फोन उचलला नाही, त्याबद्दल माफ कर. ते पाहुणे असेपर्यंत सकाळी आठपासून मीटिंग चालू होत्या.

तू अगदी बरोबर केलंस. तू इतकं समजून घेशील असं वाटलं नव्हतं, म्हणून आधी सांगितलंही नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. आमची कंपनी लहान मुलांना वाफ देणारी यंत्रं बनवते, दमा असतो त्या मुलांसाठी. एका यंत्रात शंभरावर सुटे भाग असतात आणि ते सगळे बाहेरून येतात. कुठला भाग कोण बनवतं, वाटेत कुणाच्या हातातून जातो, कुठे अडकू शकतो, कुठे खराब होऊ शकतो, हे सगळं मांडून ठेवणं म्हणजे माझी नोकरी. यंत्रातली रबरी रिंग रबाळ्याच्या एका कारखान्यातून येते. हे भाग आम्ही परदेशातही पाठवतो, तिथे यंत्र जोडतात; ऑगस्टमध्ये तिथून तक्रार आली की एका पाकिटातल्या रिंगेवर पिवळा डाग आहे. त्यांनी तपासलं, हळद निघाली. कारखानदाराने आम्हाला लिहून दिलेलं होतं की रिंग बनवण्यापासून तिच्या कडेचं जादा रबर कापण्यापर्यंत सगळं त्याच्याच छपराखाली होतं. ते खोटं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. मग तिथल्या पाहुण्यांना घेऊन यावं लागलं.

तपासण्या होतच असतात. तू काळजी करू नकोस. मावशीला नमस्कार सांग.

तुझी,
ऋता

---

दिघा
२२ डिसेंबर २०२४

चि. ऋता,

आशीर्वाद. तुझं पत्र मनालीनं दोनदा वाचून दाखवलं. आपण कापतो त्या रिंगा पोरांच्या वाफेच्या मशिनीत जातात हे आम्हाला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही समजत होतो कुकरच्या असतील.

आता काम थांबलंय. टेम्पोतून गोण्या आणून देणारे कोंडिबाभाऊ नऊ दिवस आलेच नाहीत. शेवटी हे त्यांना रबाळ्याच्या नाक्यावर गाठून आले. भाऊ म्हणाले, "वरून बंद झालंय. रिपोर्टात लिहून आलंय, दिघ्याचं काम काढून टाका म्हणून. माल पिवळा निघाला." आता कारखान्यात मशीन लावणार म्हणे.

इथं अकरा घरं आहेत ऋता. घराबाहेर पडता येत नाही अशाच बायकांनी हे काम धरलेलं. कुणाचं तान्हं, कुणाची सासू अंथरुणात. सरस्वतीकाकूंचे मालक तीन वर्षं पडून आहेत, डावी बाजू गेली. त्यांना कुशीवर वळवायचं, पुन्हा येऊन चार रिंगा कापायच्या, असं चालायचं त्यांचं.

तू त्याच ऑफिसात आहेस. असं कुणी लिहिलं ते तुला कळेल का? तो माणूस एकदा भेटला तर आम्ही बोलू. हातमोजे घाला म्हणाला तर घालू, पत्र्याची खोली भाड्यानं घ्या म्हणाला तर अकराजणी मिळून घेऊ. आम्हाला कुणी विचारलंच नाही. तुझ्या शब्दाला तिथं मान असेल. माझं नाव नको घेऊस, नुसतं विचारून बघ.

तुझी,
सुनयनाताई

---

सीवूड्स
२९ डिसेंबर २०२४

प्रिय सुनयनाताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण असे निर्णय एकट्या माणसाचे नसतात. कागद बऱ्याच टेबलांवरून फिरतात आणि शेवटी कुणी काय लिहिलं ते सांगणं कठीण असतं. शिवाय रिपोर्ट गोपनीय असतात. मी विचारून पाहीन, पण फारशी आशा ठेवू नकोस.

दरम्यान एक सुचवते. सानपाड्याला आशुतोषच्या मित्राकडे सकाळच्या पोळ्या-भाजीला कुणीतरी हवं आहे, माणसं चांगली आहेत. आणि मनालीला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा असेल तर मी बघते. तिला म्हणावं, मावशीने सांगितलंय.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

ऋता

---

दिघा
१९ जानेवारी २०२५

चि. ऋता,

आशीर्वाद. सानपाड्याचं तू आपुलकीनं लिहिलंस, पण सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मला सकाळी निघता येत नाही. मनाली म्हणाली, कोर्सचं नंतर बघू. तिला तुझा थोडा राग आलाय. मी समजावलं.

आज वेगळ्याच कारणानं लिहिते. इथं बायकांनी सरस्वतीकाकूंशी बोलणं सोडलंय. झालं असं की पावसाळ्याच्या सुमाराला काकूंचं बोट ब्लेडनं कापलं होतं. त्यांनी हळद दाबली, फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं, कारण गोणी त्याच दिवशी द्यायची होती. हे सगळ्यांनी पाहिलेलं. आता माल पिवळा निघाला हे कळल्यावर कुणीतरी हिशोब लावला. नळावर एकीनं तोंडावर विचारलं, "काकू, तुमच्या एका बोटापायी अकरा घरं बसली ना?" काकूंचा हंडा अर्धाच भरला होता, तो उचलून त्या गेल्या.

तेव्हापासून त्या नळावर येत नाहीत. मी त्यांचं पाणी भरून देते. काल मला म्हणाल्या, "सुनयना, पोरांच्या श्वासात माझी हळद गेली गं. कुणाचं पोर आजारी पडलं असेल का?" तुला ठाऊक असेल तर कळव. कुणी पोर आजारी पडलं का?

आणि एक सांगते. काकूंना ठाऊक आहे की ती मॅडम म्हणजे तूच. मी त्यांच्याशी खोटं बोलले तेही त्यांना कळलंय. एवढं ऐकून घेतलं, पण "सुनयनाच्या बहिणीनं केलं" असं त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी,
सुनयनाताई

---

सीवूड्स
९ फेब्रुवारी २०२५

सुनयनाताई,

तीन आठवडे तुझं पत्र ड्रॉवरमध्ये आहे. फोन करायचा होता, पण माझ्या आवाजावरून तुला सगळं कळलं असतं आणि मी पुन्हा काहीतरी सावरून घेतलं असतं. म्हणून लिहिते.

आधी काकूंचं. कुणाचंही मूल आजारी पडलेलं नाही. तो डाग यंत्र जोडण्याआधीच सापडला होता, पाकीट उघडल्या उघडल्या. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तुला लिहिलं नाही, कारण भीतीचं कारण मोठं दिसलं की माझा निर्णय बरोबर दिसत होता. काकूंना हे आजच सांग.

आता उरलेलं. दिवाळीत मी फराळ घेऊन आले होते. तू मला करंज्या बांधून द्यायला आत गेलीस. उंबऱ्यात रिंगांचा ढीग होता, मी सहज एक उचलली. आतल्या कडेला साच्याचा नंबर असतो, तो मला पाठ आहे. आमचीच रिंग होती. तीन महिने मी कागदांमधून जे शोधत होते, ते माझ्या बहिणीच्या दारात पडलेलं होतं. मी ती रिंग पर्समध्ये टाकली, तू दिलेल्या करंज्या घेतल्या, तुझ्या पाया पडले आणि निघाले.

सुट्टीनंतर ऑफिसात मी ती टेबलावर ठेवली. आमच्या विभागाच्या जयप्रकाश सरांनी विचारलं, "ही कुठून मिळवलीस?" मी म्हटलं, "फिरून माग काढला." सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. गल्लीत कुणी आम्हाला आणलं नव्हतं. मीच सगळ्यांना घेऊन आले होते आणि तुझं दार कुठलं हे मला माहीत होतं. तुला टाळून पुढच्या दारात जाता आलं असतं, पण ते पाहुण्यांना विचित्र दिसेल असं वाटलं. म्हणून तुला नाव विचारलं.

रिपोर्ट माझा आहे, ताई. "तो माणूस" मीच.

याच्या पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. शेवटी शिफारस लिहायची असते. माझ्या वरिष्ठ गीतांजली मॅडम म्हणाल्या, "तू जाऊन पाहिलंयस, तुला योग्य वाटेल ते लिही." लिहिण्यासारखं दोन्ही होतं. एक म्हणजे, ही घरं नोंदवून घ्या, कारखानदाराने स्वच्छ जागा आणि हातमोजे द्यावेत, दर तीन महिन्यांनी तपासणी करावी. दुसरं म्हणजे, घरचं काम सरळ बंद करा. पहिलं लिहिलं असतं तर दर तीन महिन्यांनी मला तुझ्या गल्लीत यावं लागलं असतं आणि कधीतरी ऑफिसच्या माणसांसमोर मनाली मला मावशी म्हणाली असती. मी दुसरं लिहिलं. खाली कारण म्हणून लहान मुलांचा श्वास लिहिला. ते कारण खरं होतं, म्हणून लिहायला सोपं गेलं.

तुम्ही हातमोजे घालायला तयार असाल का, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो विचारला नाही.

तू माझ्यासाठी मनालीला आत पाठवलंस ते मी पाहिलं होतं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

ऋता

---

दिघा
१४ फेब्रुवारी २०२५

ऋता,

पत्र मिळालं. काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या, मग मालकांना भरवायला उठल्या.

तू रिंग पर्समध्ये टाकलीस ते मी पडद्याआडून पाहिलं होतं. मला वाटलं, आशुतोषरावांना दाखवायला नेलीस, की बघा आमची ताई काय काम करते. मी ह्यांनाही सांगितलं. दोन दिवस मी त्या आनंदात होते. हे तुला कधी सांगणार नव्हते.

तुला साहेब लोकांची भीती वाटली असेल असं मी इतके दिवस धरून चालले होते. तुला माझी लाज वाटली होती. हे समजायला मला तुझं पत्र यावं लागलं.

मला लिहून भागायचं नाही. मी एक घर झाले, दहा राहिली. २३ तारखेला रविवार आहे. सकाळी नऊला नळाला पाणी येतं, सगळ्या असतात. तेव्हा ये आणि तिथं सांग. काकूंना मी घेऊन येईन.

उत्तर पाठवू नकोस.

सुनयना

---

सीवूड्स
३ मार्च २०२५

सुनयनाताई,

त्या रविवारी काकूंना पुढे पाठवून तू मनालीला घेऊन तुझ्याच दारात उभी राहिलीस, नळापर्यंत आली नाहीस. माझं बोलणं तिथवर आलं की नाही माहीत नाही, म्हणून लिहिते.

मी पाठ करून आले होते. पहिल्या वाक्यानंतर सगळं विसरले. मी म्हणाले, "मी सुनयनाताईची मावसबहीण. तुमचं काम मी बंद केलं. काकूंच्या हळदीने नाही." मग रिंगेचं सांगितलं, रिपोर्टचं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीने हंडा बाजूला घेऊन मला उभं राहायला कोरडी जागा करून दिली. काकूंना बोलल्या असाव्यात त्या बाईंनी पदर तोंडाला लावला आणि काकूंकडे पाहिलं. मग एक तरुण मुलगी होती, कडेवर बाळ होतं, तिने विचारलं, "मग गोणी कधी येणार?" मी म्हटलं, उद्या ऑफिसात सांगते. ती म्हणाली, "म्हणजे अजून सांगितलंच नाही होय?"

तिचं बरोबर होतं. मी आधी तुमच्याकडे आले, कारण नोकरीवर यायला नको होतं.

सोमवारी गीतांजली मॅडमना सगळं सांगितलं. नातं, रिंग, शिफारशीचं खरं कारण. त्या म्हणाल्या, "ऋता, कारखानदाराने आपल्यापासून अकरा घरं लपवली म्हणून आपण त्याला जाब विचारला. तूही तेच केलंस. त्याच्यात आणि तुझ्यात मी फरक कसा करू?" मला लेखी ताकीद मिळाली. रबाळ्याचं काम माझ्याकडून काढून ऋषी नावाच्या सहकाऱ्याला दिलं आहे. तो नव्याने तपासणी करेल आणि या वेळी आधी तुमच्याशी बोलेल. काय ठरेल ते माझ्या हातात नाही आणि नसावं हेच बरं.

आशुतोषला सांगितलं. तो म्हणाला, "मला तर तू कधी दिघ्याला नेलंच नाहीस." आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली.

काकूंनी मला घरात बोलावलं होतं. मी थोडाच वेळ थांबले. तू दार लोटून घेतलंस ते पाहिलं. तक्रार नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण माफी मागण्याचाही हक्क लागतो, तो मला आहे असं वाटत नाही.

ऋता

---

दिघा
१६ मार्च २०२५

ऋता,

ऋषीसाहेब दोनदा येऊन गेले. सतरंजीवर बसून सगळ्यांचं ऐकून घेतलं, काय काय अडचण आहे ते लिहून नेलं. कारखानदाराला त्यांच्याच आवारात एक खोली करायला लावलीय. पांढऱ्या फरशीची, हात धुवायला नळ, डोक्याला टोपी. अकरापैकी आठजणी एक तारखेपासून जाणार. तान्हं बाळ असलेल्या पोरीनं सासूला गावाहून बोलावून घेतलंय. मीही जाणार आहे. सासूबाईंना आता दिसतं, दुपारचं त्या बघतील.

तिघींना जमणार नाही. त्यात काकू आहेत. पडलेल्या माणसाला घरी सोडून त्या रबाळ्याला कशा जातील? ऋषीसाहेबांना मी विचारलं, घरी काहीच देता येणार नाही का. ते म्हणाले, पोरांच्या मशिनीची वस्तू घरात नको, हे बरोबरच आहे. ते मलाही पटतं. काकूंनाही पटतं, त्याच जास्त म्हणतात. पण पटलं म्हणून चूल पेटत नाही. आम्ही आठजणींनी ठरवलंय की कामावर जाताना दुपारचे डबे काकूंकडून घ्यायचे. चालेल की नाही बघू.

आता तुझं. तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी माफ केलेलं नाही. रोज सकाळी उठल्यावर वाटतं आज राग उतरला असेल, आणि मग ती पर्स आठवते. आईला मी काही कळवलेलं नाही, तेवढं मात्र तू स्वतः गावी जाऊन सांग. तिनं तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, माझ्याकडून तिनं ऐकू नये.

मनाली म्हणते, मावशी सगळ्यांसमोर बोलली ते मला आवडलं.

आणि तू आलीस त्या रविवारचं एक राहिलं. काकूंनी तुला घरात बोलावून चहा दिला. घरातलं दूध संपलं होतं, त्यांनी माझ्याकडून कपभर उसनं नेलं होतं, तुझ्यासाठी म्हणून. तू दोन घोट घेऊन कप खाली ठेवलास आणि उठलीस. काकू मला म्हणाल्या, "पोरीला आमचा चहा गोड लागला असेल." तुला लाजेनं घोट गिळवला नसेल, हे मला कळतं. त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, त्यांच्या हातचं तुला नको होतं.

पुढच्या वेळी आलीस की आधी त्यांच्याकडे जा. चहा देतील, तो बसून पुरा पी. मग माझ्याकडे ये. दार उघडेन, एवढं आज लिहून देते. पुढचं मला अजून ठाऊक नाही.

सुनयनाताई